उजेड कधी पडतो?

डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० चेतापेशींचा एक इवलासा पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. हार्वर्डच्या संशोधकांनी १९९९ साली त्याचा फेरा मोजला, तो सरासरी २४ तास ११ मिनिटांचा भरला. म्हणजे हे घड्याळ रोज थोडं मागे पडतं आणि रोज जुळवावं लागतं.

जुळवतो तो उजेड. पण खरी गंमत पुढेच आहे. तोच दिवा रात्रीच्या पूर्वार्धात लावला तर घड्याळ मागे सरकतं, पहाटेकडे लावला तर पुढे. भर दुपारी मात्र त्याला फारशी दाद मिळत नाही. रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसणाऱ्या मुलाला सकाळी आळशी म्हणण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

ज्यांना उजेड मुळीच जाणवत नाही, अशा अनेक अंध व्यक्तींचं घड्याळ दिवसेंदिवस घसरत जातं. काही दिवस रात्री शांत झोप, मग रात्रभर टक्क जाग आणि दिवसा पेंग. अमेरिकेत अशा सात जणांना रोज झोपण्यापूर्वी ठरलेल्या वेळी मेलाटोनिन हे संप्रेरक दिलं गेलं. सहा जणांचं घड्याळ २४ तासांवर आलं. २००० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मात्र हेच मेलाटोनिन सकाळी घेतलं तर घड्याळ उलट दिशेला ढकललं जाऊ शकतं. तेव्हा गोळी कोणती, यासोबत ती किती वाजता घ्यायची, हेही डॉक्टरांनाच विचारा.