व्यवहार तोंडी, तंटा कागदी

(यावल येथे व्यापारी, शेतकरी आणि कुटुंबीय यांच्यासमोर एका ज्येष्ठ वकिलांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



यावल हे महर्षी व्यासांचे गाव म्हणून ओळखले जाते. गुरुपौर्णिमेला व्यास मंदिरात दर्शनासाठी लागणारी रांग आपण सर्वजण पाहतो. परंपरा सांगते की महाभारत रचताना व्यासांनीसुद्धा गणेशाला लेखनिक म्हणून बसवले. ज्यांची स्मरणशक्ती अलौकिक, त्यांनाही लिहून ठेवण्याची गरज वाटली. आपण मात्र दोन-चार लाखांचा व्यवहार चहाच्या कपावर ठरवतो आणि म्हणतो, "लिहायचे काय त्यात, माणूस ओळखीचा आहे."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. परंतु तिचा अर्थ आपण उलटा लावला. पायरी चढू नये म्हणून आपण अन्याय मुकाट्याने गिळतो. माझ्या मते तिचा खरा अर्थ असा, की शहाण्याने आपले कागद वेळच्या वेळी इतके चोख ठेवावेत, की पायरी चढण्याची वेळ समोरच्यावरही येऊ नये. आयुष्यभर वकिली करून मी एकच गोष्ट शिकलो. आपल्या माणसांचे व्यवहार तोंडी असतात आणि तंटे मात्र कागदी असतात. या दोहोंमधील दरीत सज्जन माणूस पडतो.

त्रेचाळिसावा दिवस

आपल्या तालुक्याचा प्राण म्हणजे केळी. नवती असो वा कांदेबाग, माल बागेवर ठरतो, काटा होतो, ट्रक भरतो आणि उत्तरेकडे निघून जातो. पैसा मागाहून येतो. हा सारा व्यापार विश्वासावर उभा आहे आणि बहुतेक वेळा तो विश्वास खरा ठरतो. खरा ठरत नाही, तेव्हा काय होते, ते ऐका.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे आले. पावणेचार लाखांचा माल परप्रांतातील व्यापाऱ्याला दिला होता. त्याने १० जानेवारीचा धनादेश दिला. "आत्ता बँकेत टाकू नका, जरा थांबा", असे तो दर आठवड्याला सांगत राहिला आणि हे थांबत राहिले. अखेर मुदत संपायला चार दिवस उरले असताना धनादेश बँकेत टाकला. ७ एप्रिलला तो न वटता परत आला. तरीही व्यापाऱ्याचा फोन गोड होता. "अक्षय्य तृतीयेनंतर देतो." ते माझ्याकडे आले २० मे रोजी. मी कागद पाहिला, दिवस मोजले. त्रेचाळीस झाले होते.

परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा आहे. धनादेश न वटणे हा गुन्हा ठरवणारे त्यातील कलम १३८ हे १९८९ पासून लागू झाले. त्याचे वेळापत्रक प्रत्येकाने पाठ करावे. धनादेशाची मुदत आता तीन महिन्यांची असते. तो परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. ते उलटले की एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीला उशीर झाला आणि कारण सबळ असेल, तर तो माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. नोटिशीच्या उशिराला मात्र माफी नाही. धनादेशाची मुदत शिल्लक असती, तर तो पुन्हा बँकेत टाकून नवी संधी मिळाली असती. मुदतही ९ एप्रिललाच संपली होती. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकेल असा कायदा हाताशी होता. तो गोड बोलण्यापायी हातून निसटला.

त्या गृहस्थांना वाचवले ते एका जुन्या सवयीने. काट्याची चिठ्ठी आणि ट्रकची बिल्टी त्यांनी जपून ठेवली होती. त्या आधारे दिवाणी दावा लावला. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली आणि रकमेचा बराचसा भाग मिळाला. कागदाचे दोन कपटे नसते, तर माझ्यासारखा वकीलही हात जोडून मोकळा झाला असता.

नोटिशीत धनादेशाची रक्कम अचूक लिहा. ती स्पीड पोस्टने योग्य पत्त्यावर पाठवा आणि पावती जपा. समोरच्याने ती घेण्यास नकार दिला, म्हणून तो सुटत नाही.

दिल्लीला जायचे कोणी?

नोटीस दिली, पण खटला चालवायचा कुठे, हा आपल्या भागातील माणसाला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न होता. १९९९ च्या एका निकालाने तक्रारदाराला अनेक ठिकाणांचा पर्याय मिळाला होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी 'दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की धनादेश ज्या बँकेवर काढला तिच्या शाखेच्या ठिकाणीच तक्रार चालेल. विनाकारण दूरच्या न्यायालयात खेचल्या जाणाऱ्या माणसाचा विचार त्यामागे होता. परंतु केळी पिकवणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा झाला, की पैसे बुडवणारा दिल्लीत असेल तर बुडालेल्याने प्रत्येक तारखेला दिल्ली गाठावी.

देशभरातून या अडचणीविषयी आवाज उठला आणि संसदेने २०१५ मध्ये कायदा दुरुस्त केला. धनादेश आपण ज्या शाखेतील आपल्या खात्यात भरतो, तिथल्या न्यायालयात तक्रार चालते. खाते यावलच्या शाखेत असेल, तर तारखेला यावलच्या न्यायालयात त्यालाच यावे लागते. एवढा मोठा लाभ पदरात असताना "परप्रांतातला माणूस, काय करणार?" असे म्हणत अनेकजण आजही गप्प बसतात.

वहीचे पूजन आणि वहीची सही

लक्ष्मीपूजनाला आपण वहीचे पूजन करतो. पण केवळ खातेवहीतील नोंद एखाद्यावर देणे लादण्यास पुरेशी नाही, असे आपला साक्षीपुराव्याचा कायदा सांगतो. १८७२ च्या अधिनियमात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. नोंदीला जोड हवी ती बिलाची, पोचपावतीची, समोरच्याच्या सहीची. मोबाइलवरील संदेशही पुरावा होतो, मात्र त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून असे संदेश पुसू नका.

उधारीला आयुष्य असते. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे आहे. मुदत संपण्याआधी समोरच्याने देणे मान्य असल्याचे लिहून सही दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. थोडी रक्कम भरली आणि तशी लेखी नोंद त्याच्या सहीची असली, तरीही तेच. म्हणून पाडव्याला नवी वही उघडताना जुन्या बाकीवर प्रत्येक ग्राहकाची सही घ्या. पेढ्याबरोबर सही मागितली, तर कोणी रागावत नाही.

हे सारे इंग्रजांनी शिकवले असे कोणी समजू नये. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लेख, भोग आणि साक्षीदार ही तीन प्रमाणे सांगितली आहेत. ऋणकोने हप्ता दिला की कर्जलेखाच्या पाठीमागे तशी नोंद करावी, आणि कर्ज फिटले की तो लेख फाडून टाकावा, असेही त्यात आहे. ज्यांच्या समाजात शब्दाला प्राणाइतकी किंमत होती, त्यांनी लेखाचा आग्रह धरला. लेख हा अविश्वास नव्हे. माणूस विसरतो, आजारी पडतो, जग सोडून जातो. त्याच्या मागे त्याचा शब्द खरा ठेवण्याचे काम लेख करतो.

भागीदारी आणि भाड्याचे दुकान

दोन मित्र मिळून दुकान काढतात आणि भागीदारीपत्र कपाटात ठेवतात. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी न केलेल्या संस्थेला करारातील हक्कासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र कोणीही लावू शकतो. किरकोळ खर्चाची नोंदणी टाळून आपण आपलेच हात बांधून घेतो.

ज्यांचा लहान उत्पादनाचा वा सेवेचा उद्योग आहे, त्यांनी उद्यम नोंदणी अवश्य करावी. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, ४५ दिवसांच्या पुढे रोखता येत नाहीत. रोखले, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिपटीने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही, हेही लक्षात असू द्या.

गाळा भाड्याने देणाऱ्यांनी करार लेखी करून नोंदवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ही जबाबदारी मालकाची आहे. करार लेखी व नोंदणीकृत नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे न्यायालय प्रथम ग्राह्य धरते.

"नुसती सही तर करायची आहे"

या सभेत माताभगिनी मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हे विशेष आवर्जून सांगतो. शेजाऱ्याच्या, मेव्हण्याच्या, मित्राच्या कर्जाला जामीन राहणे हा आपल्याकडे भिडेचा विषय आहे. भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते, की जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क जामीनदाराला सहसा नसतो. सहकारी पतसंस्थेचे कर्ज असेल, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते. घरातील बाईला या सहीचा पत्ता लागतो, तो दारात वसुली अधिकारी उभा राहिल्यावर.

जामीन राहूच नका, असे मी म्हणत नाही. समाज एकमेकांच्या आधारानेच उभा राहतो. परंतु घरी सांगून राहा, आकडा वाचून राहा, आणि जेवढे बुडाले तरी संसार मोडणार नाही तेवढ्यालाच राहा. भरावे लागले, तर ती रक्कम ऋणकोकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी भरल्याची पावती जपा.

सही केलेला कोरा धनादेश कोणालाही देऊ नका. रक्कम दुसऱ्याने लिहिली, हा बचाव पुरेसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. दिलाच असेल, तर कर्ज फिटताच परत मागा. याज्ञवल्क्यांनी सांगितलेले लेख फाडणे ते हेच.

ठेवींविषयी एकच वाक्य. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक धरून, व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. आपल्या जिल्ह्यातील कित्येक वृद्धांनी पतसंस्थांत अडकलेल्या पैशासाठी हेलपाटे घातले आहेत. अर्धा टक्का जादा व्याजापायी आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका.

तडजोडीचा मार्ग

सावकाराच्या विळख्यात कोणी असेल, तर तेही ऐकावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. अवैध सावकारीतून गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. मात्र व्यवहार पंधरा वर्षांच्या आतील असावा लागतो.

वकिलाच्या फीला पैसे नाहीत, म्हणून कोणी मागे राहू नये. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि त्यावर अपील नसल्याने भांडण तिथेच संपते.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. सामान्य माणूस जागा झाला की कायदा त्याच्या मागून येतो. आज कायदे आहेत. जागे होणे तेवढे आपल्याकडे राहिले आहे.

म्हणून एक विनंती करून थांबतो. आज घरी गेल्यावर कपाट उघडा. कोणाला किती दिले, कोणाला जामीन आहोत, कोणाकडे कोरा धनादेश आहे, हे एका वहीत लिहा आणि ती वही पत्नीला, मुलांना दाखवा. ज्या बाकीला तीन वर्षे होत आली असतील, तिच्यावर या आठवड्यातच सही घ्या. ज्या घरात असे लिहून ठेवले जाते, त्या घरावर वसुली अधिकारी किंवा वकील यांच्या तोंडून प्रथमच काही ऐकण्याची वेळ येत नाही.