ग्रामसभा कोणत्या महिन्यात?
(कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला 'जव्हार तालुक्याची ओळख' हा विषय दिला आहे. नवे कार्यकर्ते पुढल्या आठवड्यापासून पाड्यांवर जाणार आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः बोलतो.

जव्हार गाव साधारण दीड हजार फुटांवर, पठारावर आहे. भोवती डोंगरउतार, मधे खोल दऱ्या. पाऊस इतका की छत्री हा विनोद वाटतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी थांबत नाही, उतारावरून वैतरणेकडे निघून जाते. शेजारच्या मोखाड्यात मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते. इकडे मार्च उजाडला की विहिरी तळ दाखवतात. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, खाचरांत भात. सगळे पावसाचे एकच पीक. दिवाळी झाली की शेतात काम नाही, म्हणून घरेच्या घरे उचल घेऊन भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इतिहास थोडक्यात सांगतो. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान; हे घराणे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी राजे. नगरपालिका १९१८ सालची आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्ह्यात. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा जव्हारचे नाव राज्यभर झाले. आज इथे अपर जिल्हाधिकारी कार्यालय आहे, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. कार्यालयांना तोटा नाही.

आता कारभार. शहरात नगर परिषद, बाहेर ग्रामपंचायती. तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ चा पेसा कायदा या ग्रामपंचायतींना लागू आहे; नगर परिषदेच्या हद्दीत नाही. सरपंच आदिवासीच असतो. गावात काय बांधायचे, ते ग्रामसभेने ठरवायचे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधीही थेट या ग्रामपंचायतींना मिळतो. कागदावर याहून चांगली व्यवस्था मी पाहिलेली नाही. (थिऑलॉजीच्या डिप्लोमात हे शिकवत नाहीत, मी तलाठ्याच्या ओट्यावर बसून शिकलो.)

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पाड्यासाठी आम्ही पाण्याची टाकी बांधली. ग्रामसभेचा रीतसर ठराव होता, सह्या होत्या, फोटोही काढला. मे अखेरीस एक आजी भेटल्या. टाकी मुख्य गावाच्या रस्त्याकडेला, त्यांच्या पाड्यापासून चढावर. हंडा घेऊन तिथवर जायचे तर खालचा झराच जवळ.

"दादा, टाकी कोणाला विचारून बांधली?"

"ग्रामसभेत ठराव झाला, आजी."

"कधी?"

"२६ जानेवारीला."

"तवा आम्ही भट्टीवर व्हतो."

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन कॅलेंडर काढले. ग्रामसभा बहुधा चार दिवशी होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. जानेवारीत आणि मेमध्ये अर्धा पाडा भट्टीवर. ऑगस्टमध्ये ओहोळ भरून वाहतो, पाड्यावरची बाई पंचायतीपर्यंत पोचत नाही. ऑक्टोबरात हळवे भात कापायला आलेले. कापणी सोडून कोण येणार? चारही सभा कायदेशीर, आणि चारही वेळा ती आजी गैरहजर. दोष ग्रामसेवकाचा म्हणून आपण सुटतो, पण टाकीचा फोटो आमच्याच अहवालात छापला होता.

यावर कायद्यात वाट आहे. चारपेक्षा जास्त ग्रामसभा घ्यायला कोणी अडवत नाही. आणि राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे पाडा स्वतःला वेगळे गाव म्हणून जाहीर करायची मागणी करू शकतो. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. मग त्या पाड्याची ग्रामसभा पाड्यातच भरते, ओहोळ ओलांडावा लागत नाही.

त्या आजींच्या पाड्याने यंदा तसे ठरवले आहे. मतदारांच्या सह्या मात्र सगळे घरी असतानाच हव्यात, म्हणजे भात खळ्यावर आले की, आणि मुकादमाचा ट्रक येण्याआधी. दहा-बारा दिवस मिळतील. पुढाकार पाड्याचा आहे. आपण फक्त कागद लिहून द्यायचे आणि काय लिहिले ते वाचून दाखवायचे. कोणाचे नाव गाळायचे नाही, आपल्या प्रार्थनेला न येणाऱ्यांचेही नाही.

ज्यांना यायचे आहे त्यांनी दिवाळीच्या आदल्या आठवड्याची रजा आताच टाका. मतदार यादीची ताजी प्रत आणि शाईचा पॅड सोबत हवा. मुक्काम पाड्यातच करू. रात्री आठनंतर सगळे घरी सापडतात.