आटलेल्या विहिरीला पाणी कुठनं आणायचं?

माणदेशातल्या आमच्या बचत गटातल्या बाराजणींच्या वतीनं आज आम्ही बोलतोय. विषय तुमच्या-आमच्या रोजचाच आहे. विहीर आटली की त्या पाण्याच्या जागी दुसरं पाणी कुठनं आणायचं, आणि त्याला पैसा कुठनं उभा करायचा?

आधी आमच्या एका वहिनींची गोष्ट सांगतो. त्यांची विहीर पूर्वी होळीपर्यंत चालायची. एका साली संक्रांतीलाच तळ दिसला. शाळू पोटरीत, कांदा नुकता लावलेला. घरच्यांनी बोअर मारलं, ते कोरडं गेलं. दुसरं मारलं, तेही फुफाटाच. तिसऱ्याला पाणी लागलं, ते चार महिन्यांत गेलं. त्यात गळ्यातलं मंगळसूत्र सावकाराकडं गेलं, शेकडा पाच रुपये महिन्याच्या व्याजानं.

मग वहिनी गटाकडं आल्या. "चौथ्या बोअरला कर्ज द्या," म्हणाल्या. आम्ही नाही म्हणालो. सोपं नव्हतं ते. दोन महिने त्या बैठकीला आल्या नाहीत, पाणवठ्यावर भेटल्या तरी बोलायच्या नाहीत. पण नुसतं नाही म्हणून बाजूला होणं आम्हालाही पटेना. म्हणून आम्ही पाण्याचा हिशोब मांडायला बसलो.

तो हिशोब तुम्हीही लिहून घ्या. एक एकरात एक इंच पाणी उभं करायचं तर सुमारे 1 लाख लिटर लागतं. शाळूला एक पाणी द्यायचं म्हणजे दोन इंच धरा, 2 लाख लिटर झालं. 10 हजार लिटरचा टँकर आणला तर एकराच्या एका पाण्याला वीस टँकर! म्हणजे टँकरनं फळबागेची चार झाडं जगतील, शेत भिजणार नाही.

आता विहिरीचं बघा. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 9 हजार लिटर. संध्याकाळी मोटर बंद करून पाण्याला खूण करायची, सकाळी बघायचं. रात्रीत सहा फूट चढलं तर 54 हजार लिटर आलं. म्हणजे एकराच्या एका पाण्याला चार रात्री. एवढं कळलं की किती रान करायचं ते आपोआप कळतं.

आणि पावसाचं? साडेचारशे मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर सुमारे 18 लाख लिटर पाणी पडतं. आपल्याकडं पडतंय, पण थांबत नाही. आपल्या भागात खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून एकीनं खोल बोअर मारलं की शेजारणीची विहीर खाली जाते. आपल्या राज्याच्या भूजल कायद्यानं 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खालच्या विहिरीला खोल विहीर धरलंय, ते उगाच नाही.

मग आम्ही ठरवलं, ओढ्याचं पाणी पावसाळ्यात विहिरीत सोडायचं. पहिल्या साली चूक झाली. चर खणला आणि गढूळ पाणी थेट आत घेतलं. विहिरीत गाळ बसला, झरे बुजले, गाळ काढायला वेगळा खर्च. दुसऱ्या साली नीट केलं. दोन खड्डे घेतले. पहिल्यात पाणी थांबून गाळ खाली बसतो. दुसऱ्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू. वाळूतनं गाळून उतरलेलं पाणी तळातल्या पाइपनं विहिरीत जातं. वाळू दर साली धुवायची. गोठ्याचं, सांडपाण्याचं पाणी येत असेल तर हे करायचंच नाही, आणि पिण्याच्या विहिरीत तर मुळीच सोडायचं नाही.

खरा तंटा पैशावर झाला. पाणी वहिनींच्या विहिरीत सोडलं तरी ते खालच्या तिघांच्या विहिरींना उतरणार. मग खर्च एकटीनं का करायचा? भाऊबंदांना हे पटायला एक उन्हाळा गेला. शेवटी चौघांनी भिजणाऱ्या रानाच्या हिशोबानं वाटा उचलला. वहिनींचा वाटा गटानं शेकडा दोन रुपये महिन्यानं कर्जाऊ दिला. हप्ता महिन्याचा ठेवला नाही, कांदा विकल्यावर भरायचा ठरलं. रानात पैसा येतो तेव्हाच हप्ता मागावा, हे आम्ही त्यातनं शिकलो.

आज वहिनींच्या विहिरीला माघापर्यंत पाणी राहतं. ऊस नाही, दोन एकर शाळू आणि ठिबकवर अर्धा एकर कांदा. मंगळसूत्र सुटलं. सावकाराचं थोडं देणं अजून आहे, ते लपवत नाही.

आता तुमच्या गटासाठी चार गोष्टी.

पहिली, कर्ज द्यायच्या आधी पाणी मोजा. नवी विहीर घ्यायची तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाला जागा दाखवा, नुसत्या पाणाड्याच्या नारळावर जाऊ नका.

दुसरी, रोजगार हमीतल्या विहिरीची, शेततळ्याची चौकशी ग्रामपंचायतीत करा. 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल शेततळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. पण विहीर उपसून तळं भरू नका. त्यानं पाणी वाढत नाही, उन्हात उडून जातं.

तिसरी, शेजाऱ्याच्या विहिरीतनं पाणी घेणार असाल तर पाळी, वीजबिल आणि पाइपलाइनची वाट कागदावर लिहा. सामाईक विहिरीतला हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कात लागलाय का, तलाठ्याकडं बघून घ्या. तोंडी शब्द भाऊ असेपर्यंत टिकतो, पुतण्या मानेलच असं नाही.

चौथी, सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का? 1992 पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. कर्ज फेडायला आपण आणि विहीर दुसऱ्याच्या नावावर, असं किती दिवस चालवायचं?

येत्या बैठकीत एवढंच करा, प्रत्येकीनं आपल्या विहिरीला रात्री खूण करायची आणि सकाळचा आकडा वहीत आणायचा. पुढचं बोलणं त्या आकड्यावर होईल. येतो आम्ही. राम राम.