भूल आणि शरीराचें घड्याळ

घरांतील कोणावर शस्त्रक्रिया व्हावयाची असली, कीं आपण सर्जनचें नांव विचारतों, खर्च विचारतों, क्वचित् पंचांगही उघडतों. ती किती वाजतां आहे, हें मात्र डबा केव्हां पोंचवावा एवढ्यापुरतेंच विचारतों. भूल देणारा डॉक्टरही वय, वजन, हृदय, फुप्फुसें पाहून औषधाची मात्रा ठरवितो; प्रहराचा हिशेब सहसा करीत नाहीं. शरीर मात्र आठही प्रहर एकसारखें नसतें.

मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित् वर, पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. बाहेरच्या उजेडाशीं मेळ घालून तो झोंप, शरीराची उष्णता व संप्रेरकांचा स्राव यांच्या पाळ्या लावून देतो. भुलीचें औषध ज्या मेंदूवर चालतें तो, आणि कित्येक औषधांचा निचरा करणारें यकृत, हीं दोन्ही या पाळ्यांना बांधलेलीं आहेत. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत उंदरांवर प्रयोग झाले. बार्बिट्युरेटची मात्रा तीच ठेवून नुसती टोंचण्याची वेळ बदलली, तरी गुंगी कमीअधिक लांबते असें त्यांत आढळलें.

माणसाविषयीं इतक्या ठामपणें बोलतां येत नाहीं. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयांतील ९०,००० हून अधिक नोंदी तपासून २००६ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. मळमळ, वेदना इत्यादि भुलीशीं निगडित उपद्रवांचें अनुमानित प्रमाण सकाळीं ९ वाजतां सुरू झालेल्या शस्त्रक्रियांत शेंकडा १, तर दुपारीं ४ च्या शस्त्रक्रियांत शेंकडा ४.२ निघालें. पण हा प्रभाव रोग्याच्या शरीराचा, कीं थकलेल्या डॉक्टरांचा, कीं त्या सुमारास होणाऱ्या पाळीबदलाचा? डॉक्टरलाही तेंच घड्याळ आहे!

मला अधिक नवल वाटतें तें ऑकलंडच्या संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचें. त्यांनीं मधमाश्यांना दिवसां सहा तास आयसोफ्लुरेन या वायूची भूल दिली. मधमाशी सूर्यावरून दिशा ठरविते आणि सूर्य किती सरकला याचा हिशेब अंगच्या घड्याळानें राखते. शुद्धीवर आलेल्या माश्या भलत्याच दिशेला उडाल्या. त्यांचें घड्याळ तीन तासांहून अधिक मागें पडलें होतें. रात्रीं दिलेल्या भुलीनें तसें झालें नाहीं. म्हणजे वेळ भुलीवर परिणाम करते, तशी भूलही उलट वेळेवर करते!

शस्त्रक्रियेनंतर कित्येक रोगी दिवसां पेंगतात आणि रात्रीं तळमळतात. वेदना व वॉर्डांतील गडबड हीं त्याचीं उघड कारणें होत; त्यांत भुलीचाही वांटा असावा असा संशोधकांचा कयास आहे. म्हणून मुहूर्त पाहून शस्त्रक्रिया लांबवावी असें कोणी समजूं नये. फुटूं पाहणारें अपेंडिक्स मध्यरात्रीं आढळलें, तर तें मध्यरात्रींच काढलें पाहिजे. दुखणाईत घरीं आल्यावर मात्र दिवसां त्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवावी, आणि भेटीस येणाऱ्यांनीं दिवेलागणीनंतर फार वेळ बसूं नये.