खजिन्याचा शोध आणि बारा धोंडे

(लकडगंज येथे नाताळच्या आठवड्यात सहायकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला वसतिगृहाचा अहवाल द्यायला सांगितले आहे. आकडे तुमच्या हातातल्या कागदावर आहेतच. मी आज एका खेळाविषयी बोलते.

गेल्या नाताळात आपण मुलांसाठी खजिन्याचा शोध ठेवला होता. यमकातली चिठ्ठी वाचायची, शहरातली जागा ओळखायची, तिथे पुढची चिठ्ठी शोधायची. चिठ्ठ्या सगळ्या मी लिहिल्या होत्या. भोसल्यांचा वाडा, सीताबर्डीचा किल्ला, रेल्वे स्टेशन, असे सगळे त्यांत होते. मंडळीतल्या मुलांचा एक गट आणि वसतिगृहातल्या मुलांचा दुसरा. निकाल काय लागला ते सांगायला नको. गडचिरोलीच्या खेड्यातून आलेल्या लेकराला नागपूरच्या गल्ल्या कशा ठाऊक असणार?

करंज्यांचा डबा फोडताना आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, “ताई, या शहरात आमच्या लोकांचं काहीच नाही का?”

मी म्हटले, “आहे ना, उद्या सांगते.” आणि रात्रभर झोप लागली नाही. कारण मला माहीत नव्हते असे नाही. मला सुचले नव्हते. हे नागपूर १७०२ च्या सुमारास वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. बारा वाड्या जोडून त्याने हे नगर उभे केले. सक्करदरा, फुटाळा, लेंड्रा, सीताबर्डी ही त्यांतलीच नावे. आपण रोज ती उच्चारतो. गोंड राजाच्या शहरात एका गोंड मुलीने “आमचं काही नाही का” असे विचारावे, हा दोष तिचा नाही. चिठ्ठ्या लिहिणारीचा आहे.

म्हणून यंदा दोन गोष्टी बदलल्या. चिठ्ठ्या वसतिगृहातल्या मुलांनी लिहिल्या. यमक जुळवायला तेवढी मी मदत केली. आणि गट जोडीने केले, एक मूल मंडळीतले, एक वसतिगृहातले.

पहिली चिठ्ठी अशी होती:

रानात मी वाढलो, बैलगाडीत आलो,
करवतीखाली निजून दार-चौकट झालो.
माझ्या नावाचा बाजार, माझ्या नावाची वस्ती,
सांगा पाहू माझे नाव, उगीच नको मस्ती!

उत्तर आपल्या पायांखाली आहे. लाकडांचा गंज, तो लकडगंज. लाकडाच्या वखारीजवळ पोहोचल्यावर एक मुलगा थबकला. म्हणाला, “हा सागाचा वास आमच्या गावचा आहे.” त्याच्या जोडीदाराचा जन्म लकडगंजातला. इतकी वर्षे त्या वासातून जाऊनही हे लाकूड कुठून येते, असा प्रश्न त्याला पडला नव्हता. मलाही कधी पडला नव्हता.

दुसरी चिठ्ठी तलावाची:

आधी होते वाराचे, मग बापूंचे झाले नाव,
चांद सुलतानाच्या काळापासून ओळखतो मला गाव.

शुक्रवारी तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर. चांद सुलतान हा बख्त बुलंदनंतरचा गोंड राजा. तिथून महालाकडे:

देवगडच्या राजाने बारा वाड्या जोडल्या,
महालातल्या गल्लीत घराण्याने खुणा सोडल्या.

ही चिठ्ठी मुलांनी मुद्दाम गोंडीत लिहिली होती. मी सांगितले तो तिचा मराठी अर्थ. मंडळीतल्या मुलांना जोडीदाराला विचारावेच लागले. बसमध्ये गोंडी बोलताना आवाज खाली करणारी ही लेकरे त्या दिवशी भर रस्त्यात मोठ्याने अर्थ सांगत होती. सगळीच नव्हे. दोघे-तिघे अजूनही बोलत नाहीत.

मग शहर बसने झिरो माइल:

चार घोडे उभे, त्यांतला एकही पळत नाही,
मैल मोजतो सगळे, माझा मैल मात्र काही नाही.

त्याच परिसरात गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी बांधव गेले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. अनुसूचित जमातीत आम्हांला धरा, हे सांगायला ते आले होते. या जागेसाठी मुलांना यमक जुळवता आले नाही, आणि मीही जुळवू दिले नाही. चिठ्ठीवर एवढेच होते: “११४. टोप्या काढा. दोन मिनिटे उभे राहा.” मुले उभी राहिली. शेजारून गाड्या जात होत्या.

मंडळीतल्या एका वडिलांनी मला आधीच विचारले होते, “बाई, नाताळात गोंड राजा कशाला?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर इथे देते. नाताळची गोष्टच मुळी नावनोंदणीपासून सुरू होते. प्रत्येकाला आपापल्या गावी जाऊन नाव लिहून द्यायचे होते, म्हणून योसेफ आणि मरिया बेथलेहेमला गेले. आपले गाव कोणते, आपले लोक कोण, हे सांगण्याचा हक्क या लेकरांनाही आहे. आपल्याच परंपरेतले स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. ते शाळा चालवत आणि गोंडांची गाणी, त्यांचे शब्द ऐकून लिहून घेत. १८६३ मध्ये ते ओढ्याच्या पुरात बुडून वारले. तीन वर्षांनी, १८६६ मध्ये, ते टिपण पुस्तकरूपाने निघाले. शिकवण्याबरोबर त्यांनी ऐकलेही. आपण किती ऐकतो?

शेवटचा खजिना परत इथेच, आवारातल्या झाडाखाली होता. पेटीत तिळाचे लाडू होते आणि बारा धोंडे. प्रत्येकावर एका वाडीचे नाव रंगवलेले. यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे उचलून का रचवले, ते तुम्हांला ठाऊक आहे: पुढे लेकरांनी विचारावे की हे काय आहे, आणि वडिलांना उत्तर देता यावे. आमच्याकडे उलटे झाले. धोंडे लेकरांनी रचले आणि अर्थ आम्ही विचारला.

ते धोंडे बाहेर पायरीशी आहेत. जाताना पाहा.

तुमची ब्लँकेटे, तुमची वर्गणी, तुमच्या प्रार्थना आम्हांला हव्यातच. त्यांवाचून हे घर चालत नाही. पण यंदा आणखी एक मागते. वसतिगृहात याल तेव्हा मुलाला “कितवीत आहेस?” एवढेच विचारून थांबू नका. त्याच्या गावाचे नाव विचारा, ते कसे पडले हे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसा. वेळ लागेल.

त्या मुलीला मी “उद्या सांगते” म्हटले होते. त्या उद्याला एक वर्ष लागले, आणि सांगितले तिनेच.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.