हार घालून मोकळ्या होऊ नका

(कवठे येमाई येथे महिला बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



कॉलेजला जाणाऱ्या मुलींसाठी वर्गणी काढायला आज आपण जमलो आहोत. त्याआधी आमच्या गटाची एक चूक मला कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका मुलीची फी भरली. घरात बारावी झालेली ती पहिलीच. आई रोजानं कांद्यात जायची. आम्ही मुलीला हार घातला, नारळ दिला, भाषणं ठोकली आणि घरी गेलो. वर्षभर कोणी तिची विचारपूस केली नाही. पहिल्या वर्षी ती दोन विषयांत नापास झाली. सगळं इंग्रजीतून, अडलं तर विचारायचं कोणाला? राहिलेले विषय पुन्हा देता येतात, हेही तिला ठाऊक नव्हतं. कॉलेज सुटलं, उन्हाळ्यात लग्न झालं. पुढं भेटली तेव्हा मी म्हटलं, "अगं, आम्हाला सांगायचंस तरी!" ती म्हणाली, "कसं सांगू ताई? तुम्ही हार घातला होता ना!"

तेव्हापासून मला हाराची भीती वाटते.

पैसा लागत नाही असं नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल आणि मागास वर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून सरकारनं व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगलंच झालं. पण खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं यांचं काय? एसटीचंच बघा. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत पास फुकट. कॉलेज सुरू झालं, रस्ता लांबला, की पासाला पैसे!

आणि संध्याकाळची गाडी चुकली तर? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लेकरं गेली. अंधाराआधी पोरगी घरात हवी, असं आई म्हणाली तर तिला मागासलेली म्हणायचं? त्यापेक्षा चौघी मुलींना शिरूरमध्ये मिळून एक खोली घेऊन देऊ. तिचं भाडं निधीतून जाऊ दे.

वर्गणी आपल्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढलं जायचं. लक्ष्मीबाईंनी तर दागिने मोडले, मंगळसूत्रही दिलं. आपण मंगळसूत्राची गोष्ट सांगतो. पण लक्ष्मीबाई त्या मुलांना रोज रांधून घालत, त्यांचं दुखलंखुपलं बघत, ते सांगायचं विसरतो. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहायक समिती सुरू केली, ती खेड्यातल्या गरीब मुलांची राहण्या-जेवणाची सोय व्हावी म्हणून. अशा कामांत पैशाइतकंच पाठीशी उभं राहणारं माणूस लागतं.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

एक, प्रत्येकीनं महिन्याला वीस रुपये द्यावेत. हिशेबाची वही दर बैठकीत मोठ्यानं वाचावी. पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यात, सत्र सुरू व्हायच्या आधी जावेत.

दोन, प्रत्येक मुलीला एक ताई असावी, कॉलेजचा उंबरठा ओलांडलेली. तिनं पहिल्या दिवशी सोबत जावं, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांच्या तारखा लक्षात ठेवाव्यात, दर रविवारी फोन करावा. आधी "जेवलीस का?" विचारावं, मग मार्क.

तीन, नापास झाली म्हणून मदत थांबू नये. खरी मदत तेव्हाच लागते.

चार, हार नको, फोटो नको. पैसे फेडायचे नाहीत. शिकून झालं की मागून येणाऱ्या एकीचा हात धरायचा, एवढंच.

शेवटचं सांगते. आपल्या वस्तीतल्या एका मुलीचा एक विषय राहिलाय आणि घरात स्थळं बघणं सुरू झालंय. नाव सांगणार नाही. परीक्षेचा फॉर्म याच आठवड्यात भरायचा आहे. उद्या संध्याकाळी मी तिच्या आईकडं जाणार आहे. माझ्याबरोबर कोण येतंय ते आधी सांगा. वर्गणीची वही मग उघडू.