बोनस धानाचा, सातबाऱ्याचा की राबणाऱ्याचा?



सौंदडसारख्या धानपट्ट्यातील गावात शेतकऱ्याचे वर्ष दोन शब्दांभोवती फिरते : चुकारे आणि बोनस. आधारभूत खरेदी केंद्रावर विकलेल्या धानाची रक्कम म्हणजे चुकारे. त्यावर राज्य शासन आपल्या तिजोरीतून जी भर घालते, तो बोनस. ही भर नेमकी कोणाच्या हाती पडते, याचा विचार येथे व्हावयास हवा.

२०२०-२१ च्या हंगामात बोनस क्विंटलमागे ७०० रुपये होता, मर्यादा ५० क्विंटलची. पैसा धानाच्या मागे जात होता. परंतु धान कोणाचा, हे काटा विचारीत नाही! शेतकऱ्याचा सातबारा मिळवायचा, इतरत्र स्वस्तात घेतलेला धान त्याच्या नावे केंद्रावर चढवायचा आणि बोनस उचलायचा, हा व्यापाऱ्यांचा उद्योग पूर्व विदर्भात पुरेसा गाजला. म्हणून २०२२-२३ पासून शासनाने रीतच बदलली. हेक्टरी १५ हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. पुढच्या वर्षापासून हेक्टरी २० हजार. नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने केंद्रावर धान विकला असो वा नसो, रक्कम थेट बँक खात्यात. व्यापाऱ्याची एक वाट बंद झाली, हे मान्यच केले पाहिजे.

मात्र तीच रक्कम आता धान सोडून सातबाऱ्याच्या मागे निघाली. बटईने किंवा ठेक्याने बांधी करणारा शेतकरी पऱ्हे टाकतो, रोवणीची मजुरी देतो, खत उधारीवर आणतो, अवकाळी पावसात कडपा भिजल्या तर डोक्याला हात लावून बसतो. त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही. दोन हेक्टर कसणाऱ्याच्या घामावर जमा होणारे ४० हजार रुपये मालकाच्या खात्यात जातात. त्यातून काही द्यायचे की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६ हजार आणि २०२३ पासून राज्याने जोडलेले नमो सन्मान निधीचे ६ हजार, यांचाही आधार जमिनीची मालकीच आहे.

येथे मालकाला खलनायक ठरविणे सोपे, पण अन्यायाचे. अनेक मालक स्वतः दोन-चार एकरांचे धनी, नोकरीनिमित्त नागपूर-गोंदियात राहणारे. कागद केला तर जमीन जाईल, ही त्यांची भीती निराधार नाही. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळकायद्याची आठवण घराघरात जिवंत आहे. म्हणून व्यवहार तोंडी चालतो, आणि तोंडी व्यवहाराला अनुदान मिळत नाही.

ही कोंडी फोडता येत नाही, असे नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून मालक व कसणारा यांच्यात ११ महिन्यांचा करार मान्य केला. मालकीहक्काला धक्का नाही, कसणाऱ्याच्या हाती मात्र ओळखपत्र. मालकाची सही लागत असल्याने तेथेही सर्वांना ते मिळालेले नाही. तरी नीती आयोगाने २०१६ मध्येच शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला आहे. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे. बांधीत कोणते पीक उभे आहे, हे मोबाईलवर नोंदविले जाते. त्याच नोंदीत, मालकाच्या संमतीने, ते कोणी उभे केले हा एक रकाना वाढवावा, अशी मागणी सौंदडच्या ग्रामसभेने ठरावाद्वारे करावी. पुढच्या रोवणीपूर्वी तो ठराव सडक-अर्जुनीच्या तहसील कार्यालयात पोहोचला पाहिजे.